पहिली चकती

येत्या शुक्रवारी, देवदिवाळीला, प्रयागकाकी करांद्याची पहिली चकती कुणाच्या हातावर ठेवणार, हा प्रश्न तीन दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. पोळ्या लाटताना तोच, दूध तापवताना तोच. आत्ता रात्रीचे अकरा वाजून गेलेत, घर झोपलंय, आणि मी ओट्याजवळ स्टूल ओढून वही उघडून बसले आहे. काळजी लिहून काढली की निदान एका जागी बसते, घरभर फिरत नाही.

प्रयागकाकी ही माझ्या नवऱ्याची, भरतची, थोरली काकी. पोलादपूर तालुक्यात कापड्याच्या वरच्या अंगाला डोंगराला टेकून आमची वाडी आहे. चौदा घरं, त्यातल्या नऊ घरांना कुलूप आणि किल्ल्या मुंबईत. काकी तिथे एकटी राहते. वय सत्तरीपुढे, उंची माझ्या खांद्याला लागेल एवढी, आणि चाल अशी की चढावर मी दम खायला दोनदा थांबते तोवर ती वर पोचून चूल पेटवून बसलेली असते. आम्ही महाडला राहतो. भरतचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आहे, मी घरी मुलांच्या शिकवण्या घेते. वाडीवर जाताना मी प्यायचं पाणी, ओआरएसची पाकिटं आणि तापाच्या गोळ्या घेऊन जाते. काकी माझ्या पिशवीकडे बघून दरवेळी विचारते, "दवाखाना आणलास का गो संगती?"

करांदा हा रानातल्या वेलाचा कंद. पावसाळ्यात वेल झाडांवर चढतो, पानांच्या बेचक्यात बटाट्यासारखे गोळे लोंबायला लागतात, खाली मातीतही कंद धरतो. काही वेलांचे करांदे गोडे असतात, नुसते उकडून मीठ लावून खावेत. आमच्या डोंगरातले कडू. तो कडूपणा कारल्यासारखा नाही. नीट न काढता खाल्ला तर घसा जळतो, पोटात ढवळतं, माणूस दिवसभर ओकत बसतं. म्हणून आधी सोलून पातळ चकत्या करायच्या. चुलीतली राख चाळून घालायची आणि उकडायचं. ते काळं पाणी फेकून द्यायचं. चकत्या टोपलीत भरून टोपली वाहत्या ओढ्यात दगड ठेवून रात्रभर दाबायची. सकाळी पुन्हा मीठ घालून उकडायचं. एवढं केल्यावर जी चव येते ती पिठूळ, जराशी धुरकट, आणि शेवटी जिभेच्या मुळाशी अगदी पुसट कडसर. तो कडसरपणा राहायलाच हवा असं काकीचं म्हणणं. "सगळाच काढायचा तर बटाटा खा की. बाजारात ढीग हाय."

आणि यात एक रीत आहे. जी शिजवते तिनं पहिली चकती स्वतःच्या जिभेवर ठेवायची. जरा थांबायचं. मग म्हणायचं, "उतरला." म्हणजे कडू उतरला. हा शब्द तिच्या तोंडून निघाल्याशिवाय टोपलीला कुणी हात लावत नाही. घरची माणसं नाहीत, पाहुणे नाहीत, देवसुद्धा नाही. कारण देवदिवाळीला वाडीच्या देवळात घराघरातून निवद जातो, कुणाकडून वडे, कुणाकडून घावणे, आणि काकीच्या घरातून करांदे. का, असं मी लग्न झाल्यावर पहिल्याच वर्षी विचारलं होतं. तेव्हा ती म्हणाली, "भात आपण लावतो म्हणून येतो. ह्यो कुणी न लावता येतो. मंग पयला मान कुणाचा?"

काकीचं माहेर वरंधच्या खालच्या अंगाला. सोळाव्या वर्षी लग्न होऊन डोंगर ओलांडून ती इकडे आली. नवरा, हैबतीकाका, मुंबईला एका गोदामात हमालीला होते. शिमग्याला आणि गणपतीला घरी येत. बाकीचं वर्ष घरात सासू आणि ती. सासू कडक होती. सून आल्यावर पहिली दोन वर्षं तिनं करांद्याच्या टोपलीला हात लावू दिला नाही. नुसतं बघ म्हणाली. तिसऱ्या वर्षी जिभेवर पहिली चकती ठेवली आणि विचारलं, "काय म्हणते?" सोळाची सून आता अठरा वर्षांची झाली होती. घाबरत म्हणाली, "कडू हाय." सासू म्हणाली, "कुठं कडू हाय? टोकाला, कडंला, का मुळाशी?" काकी हे सांगताना अजूनही आपली जीभ बाहेर काढून बोटानं जागा दाखवते. टोकाला कडू असला तर राख कमी पडली. कडेला असला तर पाणी कमी मिळालं. नुसता मुळाशी असला तर झालं, टोपली उचला.

तिची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. श्रावणात वेल हिरवा असतो तेव्हा ती डोंगरात फिरून आपल्या वेलांच्या बुडाशी एकेक दगड ठेवते. दिवाळीनंतर वेल वाळून जातो, पानं झडतात, कुठला कंद कुठे काही कळत नाही. तेव्हा दगड बघायचा आणि खणायचं. ज्याचा दगड त्याचा वेल, दुसरा हात लावत नाही. खणल्यावर कंदाचं डोकं, जिथून कोंब फुटतो तो तुकडा, ती परत मातीत पुरते आणि दगड पुन्हा वर ठेवते. "पुढल्या वर्साचं भाडं," असं म्हणते.

हैबतीकाका गेल्यावर त्यांचा मुलगा मुरारी काकीला मुंबईला घेऊन गेला. नालासोपाऱ्याला दुसऱ्या मजल्यावर त्याचं घर आहे. काकी तिथे बरोबर एकोणीस दिवस राहिली. विसाव्या दिवशी सकाळी नेसून, गाठोडं बांधून दारात उभी. मुरारी म्हणाला, "आये, तुला काय कमी हाय इथं?" काकी म्हणाली, "कमी काय नाय रे बाबा. नळाला पाणी येतंय, पण ते वाहत नाय. मी टोपली कुठं ठेवू, मोरीत?" मुरारी हसला आणि तिला परत आणून सोडली. पण तेव्हाच त्यानं एक अट घातली, आणि ती तो दर सणाला आठवणीनं सांगतो: "एकदा काय झालं ना तुला, पडलीस, आजारी पडलीस, की मंग ऐकणार नाय. सामान उचलून नेणार."

म्हणून काकी पडत नाही. आजारी पडत नाही. पडली तरी सांगत नाही.

हे सगळं गेल्या शनिवारी माझ्या समोर आलं, आणि त्यात माझी चूक आहे, म्हणून लिहिते आहे.

आम्ही तिघं वाडीवर गेलो होतो. भरत, मी आणि आमची मुलगी अक्षदा. अक्षदा पनवेलला हॉस्टेलवर असते, मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला. लहानपणी एकदा जत्रेतला बर्फाचा गोळा खाऊन ती चार दिवस दवाखान्यात होती. तेव्हापासून तिच्या तोंडात काय जातं यावर माझा पहारा असतो. करांदा तर मी तिला कधीच खाऊ दिला नाही. काकीनं ताटलीत घातला की मी हळूच तिच्या ताटलीतला माझ्या ताटलीत घेत असे. एकवीस वर्षांची झाली तरी.

देवदिवाळीच्या आधी एक छोटी टोपली काकी घरच्यासाठी करते. वर्षातली पहिली. आम्ही पोचलो तेव्हा ती ओट्यावर निथळत होती. चकत्या पिवळसर, कडेला राखेची करडी रेघ. काकीनं हात पुसले, इकडेतिकडे बघितलं आणि शेजारच्या बंद दाराकडे बघत म्हणाली, "भिकू नाय ह्या वर्साला."

भिकूआजोबा शेजारी राहतात. पंचाहत्तरीचे, तोंडानं फटकळ. दोन वर्षं काकी पहिली चकती त्यांना देत होती. आम्हाला वाटायचं, वडीलकीचा मान. ते पायरीवर बसून खायचे. एकदा चांगला चेहरा वाकडा करून म्हणालेही होते, "प्रयागे, मारतेस काय मला देवदिवाळीच्या आधी?" आणि सगळी वाडी हसली होती. या वर्षी ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मुलीकडे बदलापूरला गेलेत.

काकीनं मग एक चकती उचलली आणि माझ्या हातावर ठेवली. "घे गो सारिका. बघ कसा झालाय."

मला भरून आलं. लग्नाला तेवीस वर्षं झाली, पहिल्यांदा मला पहिली चकती. मी ती तोंडात घातली आणि जीभ आखडली. टोकापासून कडेपर्यंत सगळी कडू, जणू कुणी औषधाची गोळी चावायला दिली आहे. काकी माझ्याकडे बघत होती. टक लावून, डोळ्यांची पापणी न हलवता. मी काय केलं? हसले. चकती तशीच गिळली आणि म्हणाले, "छान झालेत काकी."

आम्हाला घरी हेच शिकवलं. कुणाकडे गेलं की ताटात पडेल ते गोड मानून घ्यायचं, करणाऱ्या बाईला नाव ठेवायचं नाही. माझ्या आईनं आयुष्यात कुणाच्या भाजीत मीठ कमी आहे असं म्हटलं नाही. मीही म्हणत नाही.

"उतरला," काकी म्हणाली.

तिनं भरतला ताटली भरून दिली. भरतनं दोन चकत्या एकदम तोंडात टाकल्या. तो घरचा माणूस, काकीवर त्याचा विश्वास, चावत असतानाच गिळल्या. मग थांबला. घशाला हात लावला. तेवढ्यात अक्षदानं माझी नजर चुकवून टोपलीतली एक उचलली होती. पुढच्या क्षणाला ती अंगणात.

"ई! आजी! कडू जहर आहे! थू!"

तिचा चेहरा असा झाला होता की नाक, डोळे, भुवया सगळं एका जागी गोळा. काकीनं तिच्याकडे पाहिलं, मग भरतकडे, आणि दोन ढांगांत येऊन त्याच्या हातातली ताटली काढून घेतली. "थुंक! गिळू नको. गिळलास? किती?"

"दोन," भरत खाकरत म्हणाला. "काकी, घशात कायतरी रेती गेल्यासारखं झालंय."

मग धावपळ. काकीनं त्याला ताकावर ताक पाजलं. मी पिशवी उपसली, ओआरएस काढलं, अक्षदाच्या तोंडावर टॉर्च मारून घसा बघितला. ती म्हणाली, "आई, मी थुंकलेय. मी थुंकलेय गं. बाबांकडे बघ." भरतला एकदा उलटी झाली. नंतर तासाभरानं तो खाटेवर पडून हसत होता. "भिकूआजोबांची आठवण झाली. ते असते तर आधी बोंबलले असते."

हे तो सहज बोलला. काकीचा हात मात्र थांबला. ती चुलीपुढे बसली होती, लाकूड सारत होती, ती तशीच थांबली. मी तिच्याकडे पाहिलं आणि माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जुळायला लागली. गेल्या खेपेला चहात साखर नव्हती. त्याआधी कुळथाच्या पिठीत मीठ दुप्पट होतं, आणि मी "छान झालीये" म्हणाले होते. आणि चकती देऊन तिनं माझ्या तोंडाकडे कसं पाहिलं होतं.

भरत झोपला, अक्षदा फोनला नेट शोधत टेकाडावर गेली, तेव्हा मी आत गेले. चुलीपाशी दोघीच होतो.

"काकी, तुम्ही चकती जिभेवर ठेवली नाहीत."

तिनं चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग म्हणाली, "ठेवून काय करू? काय कळत नाय."

"कधीपासून?"

"तो ताप आला होता ना, दोन वर्सं झाली. ताप गेला, जीभ घेऊन गेला. तिखट कळतंय जरासं. गोड नाय, खारट नाय, कडू तर नायच नाय." तिनं जीभ बाहेर काढली, बोटानं दाखवलं. टोक, कड, मूळ. "सगळी अशी. लाकडासारखी."

"मग दोन वर्षं तुम्ही..."

"भिकूच्या तोंडाकडं बघायची. त्याचं तोंड काय लपवत नाय. डोळा बारीक झाला की टोकाला हाय. गाल आत गेला की कडंला. नुसता मान हलवून गप बसला की झाला." ती माझ्याकडे वळली. "तुझ्या तोंडाकडं बघितलं. तू हसलीस."

मी म्हणाले, "माझं चुकलं. मला वाटलं तुम्हाला वाईट वाटेल."

"कडू हाय म्हनलीस तर वाईट कशाला वाटंल? कडू असतोच तो. उतरायला वेळ लागतो." मग एकदम हसली. दात कमी झालेत, पण हसली की सगळा चेहरा उजळतो. "शिकलेली बाय. गोड बोलून मारशील मला."

मी म्हटलं, महाडला डॉक्टरांना दाखवू. ती म्हणाली, देवदिवाळी झाल्यावर दाखव कुणालाही. मग तिनं माझा हात धरला. तिचा हात राखेनं कोरडा आणि गरम होता.

"मुरारीला सांगू नको. वाडीत कुणाला सांगू नको. कळलं की संपलं. त्यो सामान उचलायला येईल. आणि हितं कुणी माज्या हातचा करांदा खाणार नाय. दुसऱ्या कोण बाया करत्यात सांग? भ्यात्यात सगळ्या. माझ्यानं बंद झाला तर मंग डोंगरातले दगड कशाला ठिवायचे?"

मी "नाही सांगणार" म्हणाले. या वेळी खरंच.

रात्री काकीनं चकत्यांना पुन्हा राख लावली, दुप्पट. या खेपेला ऐनाच्या लाकडाची राख घेतली, ती चांगली असते म्हणे. सगळ्यांना सांगितलं, राख कमी पडली होती, म्हातारीचं ध्यान नाय. दोष आपल्यावर घेतला, पण तो नाही जो खरा होता. बॅटरीच्या उजेडात तिनं आणि अक्षदानं टोपली ओढ्यात नेऊन ठेवली. मी काठावर उभी होते, पाय घसरेल, पाय घसरेल, असं म्हणत.

रविवारी सकाळी चकत्या उकडल्यावर अक्षदा पहिली येऊन उभी राहिली. मी "नको" म्हणायच्या आत काकी म्हणाली, "गिळायचं नाय हां. जिभेवर ठेवायचं, थोडं चावायचं, थुंकायचं. मंग सांगायचं."

अक्षदानं तसं केलं. डोळे मिटले. कॉलेजात काचेच्या बशीत काहीतरी बघत असतील तसा तिचा चेहरा एकाग्र झाला होता.

"टोकाला काही नाही," ती म्हणाली. "कडेला थोडंसं. डाव्या बाजूला जास्त."

"डाव्या?" काकी पुढे सरकली. "उजव्याला?"

"उजव्याला नाहीच म्हटलं तरी चालेल. आणि मागून हळूच येतंय."

"मागून म्हंजे थुंकल्यावर का आधी?"

"थुंकल्यावर. एक, दोन, तीन मोजेपर्यंत. मग गेलं."

काकीनं माझ्याकडे पाहिलं. तो चेहरा मी विसरणार नाही. हरवलेली वस्तू दुसऱ्याच्या हातात दिसावी आणि त्यानं ती आपणहून पुढे करावी, तसा. "तीन मोजलं म्हंजे अजून एक पाणी," ती म्हणाली. मग टोपली उचलून पुन्हा ओढ्यावर गेली, आणि अक्षदा तिच्या मागे.

दुसऱ्यांदा चव घेतल्यावर अक्षदानं नुसती मान हलवली. भिकूआजोबांसारखी. काकी म्हणाली, "उतरला," आणि आम्ही सगळ्यांनी खाल्ले. नाचणीची भाकरी, करांदे, वर जरासं तेल-मीठ. भरतनंसुद्धा खाल्ले, आधी नातेवाइकांची नावं घेऊन निरोप घेत घेत. मी अक्षदाच्या ताटलीकडे बघत होते. हात पुढे झालाच होता सवयीनं. मागे घेतला. तिनं सात चकत्या खाल्ल्या. मी मोजल्या. तिला काहीही झालं नाही. एसटीत ती खिडकीशी बसून झोपली, आणि कापड्यापासून पोलादपूरपर्यंत मी तिच्या श्वासाकडे बघत होते.

निघताना काकीनं मला ओसरीवर थांबवलं.

"शुक्रवारी हिला धाड. मोठी टोपली हाय. मुंबईची समदी येणार. पयली चकती हिला देते. पोर हाय, मान दिला म्हंतील, कोण काय म्हणायचं नाय. आणि हिला खरं सांग, माझ्या जिभेचं. हिला चालंल."

आणि मी काय म्हणाले? "काकी, तिची प्रॅक्टिकल आहेत हो शुक्रवारी. नाहीतर पाठवली असती."

प्रॅक्टिकल सोमवारी आहेत. मला माहीत होतं. तिच्या वेळापत्रकाची एक प्रत माझ्या फ्रीजवर लावलेली आहे. पण तोंडातून तेच निघालं. गोड, अगदी सहज. काकी म्हणाली, "बरं बरं, अभ्यास महत्त्वाचा," आणि मला वाटेत खायला करांद्याची पुडी बांधून दिली.

ती पुडी अजून फ्रीजमध्ये आहे.

तर हे असं आहे. परवा शुक्रवार. उद्या संध्याकाळी मुरारी येईल, त्याच्यामागे बाकीचे. काकी मोठी टोपली उद्या दुपारी ओढ्यात ठेवेल. परवा सकाळी उकडेल आणि ओसरीवर उभी राहून कुणाच्या तरी हातावर पहिली चकती ठेवेल. मुरारीच्या बायकोच्या? ती माझ्यापेक्षा गोड बोलते. मुरारीच्या? तो आईच्या हातचं आहे म्हणून कितीही कडू असला तरी डोळे मिटून गिळेल. मुंबईहून वर्षातून एकदा येणारा कोणीही त्या म्हातारीला "कडू आहे" म्हणणार नाही. सगळे हसतील आणि म्हणतील, छान झालाय. आणि काकी त्या हसण्यावर "उतरला" म्हणेल, टोपली देवळात जाईल, मग पन्नास माणसांच्या पानात. लहान मुलं आहेत त्यांत.

मी स्वतः गेले तर? तेही सोमवारपासून मनात आहे. पण काकीनंच त्याचं उत्तर दिलंय. माझा चेहरा बघून तिला काही कळणार नाही. मी ठरवून कडू म्हणेन, तर ते भीतीनं म्हणतेय की खरंच, हे तिला कसं समजणार? मलाच समजणार नाही. मला तर चांगला उतरलेला करांदाही कडू लागतो, कारण मी तो तोंडात घालतानाच घाबरलेली असते.

तीन दिवस मी हे असं फिरवत होते. काकीला फोन करावा, या वर्षी करू नका म्हणावं. मुरारीला सांगावं. देवळात निवद दाखवून झाला की टोपली बाजूला ठेवा म्हणावं. प्रत्येक वाट शेवटी एकाच ठिकाणी येते, काकीच्या हातून टोपली काढून घेण्यापाशी. माझी काळजी मिटावी म्हणून.

आणि आता लिहिता लिहिता मला दिसतंय की मला करांद्याची भीती वाटतच नाहीये. रविवारी अक्षदानं सात चकत्या खाल्ल्या तेव्हा मी घाबरले ते तिला काही होईल म्हणून नाही. ती डोळे मिटून उभी होती, तिच्या जिभेवर काय चाललंय ते फक्त तिला कळत होतं, आणि मला तिथे हात घालता येत नव्हता. एवढी साधी गोष्ट. एकवीस वर्षांची मुलगी आहे. तिला कडू काय ते कळतं, कुठं कडू ते कळतं, आणि ती थुंकू शकते. मी हे तिला शिकवलेलं नाही. मी तिला ताटात पडेल ते गोड मानायला शिकवलं. नशीब की ती शिकली नाही.

काकीच्या सासूनं दोन वर्षं तिला नुसतं बघायला लावलं, मग तिच्या जिभेवर चकती ठेवली. काकीनं अक्षदाला दीड दिवसात बघून घेतलं. वेळच नव्हता.

फ्रीज उघडून मी ती पुडी काढली. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चार चकत्या, वर्तमानपत्राला तेलाचा डाग. एक तोंडात घातली. थंड, पिठूळ. टोकाला काही नाही. कडेला काही नाही. मुळाशी हळूच, पुसट. एक, दोन. तीन म्हणायच्या आत गेला. चांगला होता. खरंच चांगला होता, आणि हे मी कुणाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही.

उद्या पहाटे पाचला काकी उठते, तेव्हा तिला सांगायला हवं. पण आधी दुसरा फोन. पनवेलहून सकाळची गाडी धरली तर अक्षदा दुपारपर्यंत पोलादपूरला पोचेल. मी तिला स्टँडवर भेटेन, आम्ही दोघी मिळून वर जाऊ, टोपली ओढ्यात ठेवायला. मी काठावर उभी राहीन आणि पाय घसरेल असं एकदाच म्हणेन. रविवारी संध्याकाळी ती परत हॉस्टेलवर, सोमवारी प्रॅक्टिकल. तिला काकीच्या जिभेचं सांगावं लागेल, आणि मी काकीशी खोटं बोलले तेही.

पावणेबारा झालेत. अक्षदा जागी असणार, ती एकच्या आत कधी झोपत नाही, आणि मला ते पसंत नाही, पण आज बरं आहे. एवढ्या रात्री माझं नाव दिसलं की ती घाबरून पहिलं हेच विचारेल, "आई, काय झालं? बाबा बरे आहेत ना?" मी म्हणेन, सगळे बरे आहेत, घाबरू नकोस, जरा ऐक.

वही मिटते. फोन लावते.